शेताचं क्षेत्रफळ उणे आलं तेव्हा

अकरावी सायन्सच्या वर्गात फळ्यावर उत्तर लिहिलं होतं: −९९६ चौरस मीटर. हा काही पुस्तकातल्या त्रिकोणाचा आकडा नव्हता. फळ्याजवळ खडू धरून उभ्या असलेल्या मुलीच्या घरच्या वावराचा होता. मागच्या बाकावरून आवाज आला, "हिचं वावर धरणात गेलं वाटतं." परतूर तालुक्यात, निम्न दुधना धरणाच्या पाण्याजवळ राहणाऱ्या पोरांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. सगळे हसले. मुलीनं डस्टर घेतलं, आकड्यापुढची आडवी रेघ पुसली आणि म्हणाली, "झालं मॅडम. क्षेत्रफळ उणे नसतं."

९९६ चौरस मीटर म्हणजे दहा आरही नाही. या वावरात दरवर्षी सोयाबीन आणि त्यामागं हरभरा होतो, आणि त्यावर सहा माणसांचं घर चालतं. उत्तर चूक आहे हे तिलाही कळत होतं. तरी तिनं पुसलं ते फक्त चिन्ह. आठवडाभर मी याच प्रसंगाभोवती फिरत राहिले, म्हणून तो सविस्तर लिहिते आहे.

वर्ग आणि धडा

गणिताला कनिष्ठ महाविद्यालयात मी एकटीच आहे, दहावीची एक तुकडीही माझ्याकडेच असते. त्यामुळे खालच्या वर्गात नीट शिकवलं नाही अशी तक्रार करायची सोय नाही. या पोरांना दहावीच्या बीजगणितात निश्चयक मीच शिकवला होता. दोन चलांतली समीकरणं, क्रेमरची पद्धत, चौकटीत मांडलेल्या चार आकड्यांचा तिरका गुणाकार, वजाबाकी, संपलं. निर्देशक भूमिती दुसऱ्या पुस्तकात, दुसऱ्या महिन्यात. दिशा असलेली राशी पोरांना त्याआधीच नववीच्या विज्ञानात भेटलेली, विस्थापन शिकताना, तेही दुसऱ्या शिक्षकांकडे.

अकरावीत पुस्तक इंग्रजी. बहुतेक पोरं मराठी माध्यमातली, त्यामुळे एका उन्हाळ्यात निश्चयकाचा डिटर्मिनंट झाला नि सदिशाचा व्हेक्टर. जुन्याच ओळखीची माणसं नवे कपडे घालून आली, तर पोरांना वाटलं पाहुणे आले. "हा तोच दहावीतला निश्चयक," असं म्हटल्यावर एक मुलगा खरोखर चकित झाला होता.

धड्याच्या शेवटी तीन बिंदूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र येतं. बिंदूंचे निर्देशक ओळींमध्ये मांडायचे, शेवटच्या स्तंभात तिन्ही ओळींत १ हा आकडा, निश्चयकाची किंमत काढायची, निम्मं करायचं. उत्तर उणे आलं तर केवलमूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरलेला आकडा, घ्यायचं. मी दरवर्षी हे एका तासिकेत उरकत असे. सीईटीत अकरावीच्या भागाला २० टक्के वजन, बारावी पुढं उभी. कोण थांबणार?

त्यात लिहिण्याची एक अडचण आहे, ती मला या वेळी पहिल्यांदा दिसली. निश्चयकालाही दोन उभ्या रेघा आणि केवलमूल्यालाही दोन उभ्या रेघा. वर्गातल्या कित्येकांचा समज असा की या रेघांच्या आत गेलेलं उणे आपोआप गळून पडतं. ते मनानं नियम बनवत नव्हते. नववीत शिकलेलाच नियम लावत होते, फक्त भलत्या ठिकाणी.

वावर मोजलं त्या दिवशी

दिवाळीनंतरची गोष्ट. सोयाबीन निघालं होतं, हरभऱ्याची पेरणी व्हायची होती, म्हणजे वावरात पाय ठेवला तरी कुणी ओरडणार नव्हतं. त्या मुलीच्या घरचं रान शाळेपासून दहा मिनिटांवर, म्हणून तेच ठरवलं. सामान म्हणजे तीस मीटरचा टेप, चार खुंट्या, फक्की आणि गाठी मारलेली दोरी. काटकोनासाठी गुण्या आणायची गरज पडली नाही. वर्गातल्या एकाचे वडील गवंडी. त्यानं दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून आणल्या होत्या. पायथागोरसचं प्रमेय दहावीत तीन वेगवेगळ्या सिद्धतांनी शिकवूनही जे बसलं नव्हतं, ते या पोराच्या हातात होतं.

दक्षिणेचा धुरा, म्हणजे बांध, सरळ, तोच X-अक्ष धरला. धुऱ्याचं पश्चिमेचं टोक अ, तोच आरंभबिंदू. पूर्वेचं टोक ब, ९२ मीटरवर. ईशान्येचा कोपरा क. त्यावरून धुऱ्याच्या रेषेवर लंब टाकायचा तर रेषा ब च्या पुढं गायरानात ३२ मीटर न्यावी लागली, आणि लंब भरला ६०. वायव्येचा ड: धुऱ्यावर ३६, लंब ७८. आम्ही पूर्ण मीटर धरले, कारण ढेकळांवरून ओढलेल्या टेपानं सेंटिमीटरच्या गप्पा मारू नयेत.

वहीत आलं: अ (०, ०), ब (९२, ०), क (१२४, ६०), ड (३६, ७८). मग ब ते क अंतर सूत्रानं काढलं: ३२चा वर्ग अधिक ६०चा वर्ग, ४६२४, वर्गमूळ बरोबर ६८. दोन पोरं टेप घेऊन तिकडं पळाली. टेपावर ६८ मीटर ३० सेंटिमीटर. माझ्या सतरा वर्षांच्या नोकरीत अंतराच्या सूत्राला टाळ्या मिळाल्याचं हे एकच उदाहरण.

९९६ कुठून आले

दुसऱ्या दिवशी वर्गात चौकोनाचे दोन त्रिकोण पाडले, कर्ण अक. अबक चा निश्चयक ५५२०, निम्मे २७६०. दुसरा त्रिकोण तिनं लिहिला अडक या क्रमानं. त्याचा निश्चयक आला उणे ७५१२, निम्मे उणे ३७५६. दोन्हींची बेरीज केली: उणे ९९६.

हिशेबात कुठंही चूक नाही. पुस्तकाच्या सूचनेप्रमाणे दुसऱ्या त्रिकोणाचं केवलमूल्य आधीच घेतलं असतं तर २७६० अधिक ३७५६, म्हणजे ६५१६ असं बरोबर उत्तर आलं असतं, आणि मी शाबास म्हणून पुढं गेले असते. तिनं केवलमूल्य उशिरा घेतलं म्हणून गाठ माझ्यापुढं आली. पुस्तकातली सूचना खोटी नाही. एका त्रिकोणापुरती ती चालते. दोन त्रिकोण जोडायचे म्हटलं की चिन्ह काहीतरी सांगत असतं, आणि ते ऐकायच्या आधीच आम्ही त्याचं तोंड बंद करतो.

तासिका संपायला पाच मिनिटं होती. मी पोरांना अ ब क आणि अ ड क या दोन्ही वाटांवरून बोट फिरवायला लावलं. पहिली वाट घड्याळाच्या काट्यांच्या उलट जाते, दुसरी काट्यांच्या दिशेनं. एका मुलीनं विचारलं, "म्हणजे देवाला प्रदक्षिणा घालतो तसं फिरलं की उणे?" हो, तसंच. "मग उलट फिरलं की अधिक? हे तर उलटंच झालं की!" यावर मला इतकंच सांगता आलं की आपण कोन X-अक्षाकडून Y-अक्षाकडं मोजायचं ठरवलं म्हणून ते तसं. उलट ठरवलं असतं तर प्रदक्षिणा अधिक झाली असती. मात्र एकदा ठरवलं की सगळ्या त्रिकोणांना एकच नियम. अडक ऐवजी अकड लिहा, दोन्ही त्रिकोण एकाच बाजूनं फिरतील आणि बेरीज ६५१६ येईल.

हे पटलं, पण वरवर. पोरांच्या लेखी उणे म्हणजे अजूनही "क्रम चुकला" याची शिक्षा होती. लाल पेनाची खूण.

विहिरीवरून

ती समजूत मोडली ती एका आळशी प्रश्नानं. "मॅडम, आरंभबिंदू विहिरीवर घेतला असता तर? सावलीत बसून मोजलं असतं." सामाईक विहीर धुऱ्याच्या दक्षिणेला, वावराच्या बाहेर. अ पासून धुऱ्यानं ४० मीटर पूर्वेला आणि तिथून ३० मीटर खाली. म्हटलं, बघूच.

नवीन निर्देशक म्हणजे जुन्यातून (४०, −३०) वजा. अ (−४०, ३०), ब (५२, ३०), क (८४, ९०), ड (−४, १०८). आता विहिरीपासून चार कोपऱ्यांकडे चार बाण काढले. इथं मी पहिल्यांदा व्हेक्टर हा शब्द वापरला. विहिरीवरून निघालेला बाण, किती पूर्वेला आणि किती उत्तरेला. दोन शेजारच्या बाणांचा निश्चयक काढला की त्यांच्यावर उभ्या समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ मिळतं, निम्मं केलं की त्रिकोणाचं. वावराभोवती एकाच दिशेनं फिरायचं: अब, बक, कड, डअ.

निम्मे केल्यावर आकडे असे आले: उणे १३८०, १०८०, ४७१६, २१००.

पहिलाच उणे. आणि या वेळी क्रम चुकलेला नव्हता. वर्गात कुजबुज झाली. एकानं सवयीनं उणे काढून बेरीज केली, ९२७६ आले. चिन्ह ठेवून बेरीज केली तर ६५१६. कालचाच आकडा.

मी काही बोलले नाही. फळ्यावर विहीर, धुरा आणि वावर काढून खडू ठेवून दिला. दोनेक मिनिटांनी तीच मुलगी पुढं आली आणि विहीर, अ, ब या त्रिकोणात तिनं तिरप्या रेघा ओढल्या. "ही जागा आमची नाहीच. ही चुलत्याची. बाकीच्या तीन त्रिकोणांनी वावराबरोबर हीसुद्धा मोजली, म्हणून उण्यानं ती परत दिली." पाया ९२, उंची ३०, निम्मं करून १३८०. तोंडी हिशेबानंही तेच.

"उण्यानं परत दिली." हे वाक्य मी वर्षानुवर्षं शोधत होते हे मला ते ऐकल्यावर कळलं. बारावीत व्हेक्टरचा गुणाकार येतो, दोन बाणांचा क्रम बदलला की चिन्ह बदलतं हे तिथं गुणधर्म म्हणून पाठ होतं. का बदलतं, आणि बदललं तर कुणाच्या उपयोगाचं, हे या वर्गाला आता विचारावं लागणार नाही.

आबांचे ६९ गुंठे

इथून पुढं प्रकरण वर्गाबाहेर गेलं, आणि त्यात माझी चूक आहे. ६५१६ चौरस मीटर म्हणजे सुमारे ६४ गुंठे. मुलगी घरी गेली आणि जेवताना म्हणाली, "आबा, आपलं वावर ६९ नाही, ६४ गुंठे भरतं." एखाद्या घरचं रान मोजायला पोरं नेताना या आकड्याला घरात किती धार आहे याची चौकशी मी करायला हवी होती. आबांचं तीस वर्षांचं म्हणणं असं, की वाटणीच्या वेळी दोरी टाकून मोजलं तेव्हा ६९ गुंठे भरले, उताऱ्यावर मात्र ६५च आले, म्हणजे चार गुंठे कागदावर भावकीच्या नावानं चढले. उत्तरेच्या चुलतभावाशी त्यांचं बोलणं त्यावरूनच बंद.

आबा शाळेत आले. रागात नव्हते, पण बसले नाहीत. "बाई, आम्ही चारी बाजू मोजल्या होत्या. समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज करून निम्मी करायची, दुसऱ्या दोघींची तशीच, मग गुणायचं, एक हजार एकोणनव्वदनं भागायचं. बापजाद्यापासून हेच हाय. ह्यात खोट काय?"

आकडे त्यांना पाठ होते: ३०२, २२३, २९५, २८२ फूट. मी करून पाहिलं. २९८.५ गुणिले २५२.५, भागिले १०८९, कारण एका गुंठ्यात तितके चौरस फूट. उत्तर ६९.२. त्यांची मापं आमच्या मापांशी बरोबर जुळत होती. खोट होती रीतीत. काटकोनी चौकोन असेल तरच ही रीत बरोबर, नाहीतर ती नेहमी जास्तच दाखवते, आणि वावर जितकं तिरकं तितकं जास्त. या वावरात फरक पावणेपाच गुंठ्यांचा पडतो.

सूत्र लिहून त्यांना पटलं नसतं, आणि का पटावं? शिपायाला सांगून तुराट्या मागवल्या. ९२, ६८, ९० आणि ८६ सेंटिमीटरच्या चार तुराट्या कोपऱ्यांवर सुतळीनं सैल बांधल्या आणि चौकट आबांच्या हातात दिली. "आता हिला जरा दाबा." त्यांनी दाबली. चौकट आडवी होत गेली. बाजू त्याच, बेरजा त्याच, गुणाकार तोच ६९, आणि आतली जागा मात्र डोळ्यांदेखत आक्रसत गेली. मग मी कर्णाला पाचवी तुराटी बांधली. चौकट ताठ झाली, हलेना.

भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लीलावतीत यावरच चिडून लिहिलंय. नुसत्या चार बाजू सांगून चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि सांगणारा त्याहून मोठा, असा त्याचा भाव. हे मी आबांना सांगितलं नाही.

त्यांनी चौकट दोनदा दाबून पाहिली, मधली तुराटी सोडून आणि बांधून. म्हणाले, "कर्ण कुणी मोजलाच नव्हता." मग, "हे तुमचं काय सरकारी मोजमाप नाही." नाहीच. मी ते स्पष्ट सांगितलं. आमचा टेप ढिला, उत्तरेचा धुरा आम्ही सरळ धरलेला, अधिकृत मोजणी भूमी अभिलेखचीच. शाळेच्या आकड्यावर भांडण मिटवूही नये आणि पेटवूही नये. चौकट त्यांनी घरी नेली.

फोनची गोष्ट

एक मुलगा या सगळ्याला नावं ठेवत होता. त्याच्या मते फोन असताना दोरी कशाला. त्यानं चारी कोपऱ्यांवर उभं राहून फोनमधले अक्षांश-रेखांश टिपले, अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर आणि आपल्याकडं रेखांशाचा एक अंश सुमारे १०५, असं करून मीटर काढले. फोन काही मीटर इकडंतिकडं दाखवतो, त्यामुळे त्याचं उत्तर दर फेरीला वेगळं. पण त्याची तक्रार निराळी होती: "मी उलट्या प्रदक्षिणेनंच फिरलो, तरी दर वेळी उणेच येऊ राहिलं."

फोन अक्षांश आधी सांगतो. त्यानं तोच X धरला. म्हणजे उत्तर दिशा आडवी आणि पूर्व दिशा उभी. मॅट्रिक्स म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेली आकड्यांची चौकट. X आणि Y ची अशी अदलाबदल करणारा मॅट्रिक्स म्हणजे पहिली ओळ ०, १ आणि दुसरी १, ०. त्याचा निश्चयक उणे एक. त्यानं नकळत वावर आरशात पाहिलं होतं.

याच धाग्यावर फिरवणारा मॅट्रिक्स आला. फोनच्या नकाशात आपला धुरा तिरका दिसतो, मग वावर फिरवलं तर क्षेत्रफळ बदलतं का? तीन-चार-पाचच्या दोरीतूनच मॅट्रिक्स काढला: पहिली ओळ ०.८, −०.६, दुसरी ०.६, ०.८. ब गेला (७३.६, ५५.२) वर, क (६३.२, १२२.४) वर, ड (−१८, ८४) वर. पोरांनी कुरकुरत दशांशांचे गुणाकार केले आणि निश्चयक आले ५५२० आणि ७५१२. दशांश हवेत विरले. ०.६४ अधिक ०.३६ एक होतात म्हणून, हे मी सांगायच्या आधीच पहिल्या बाकावरून आलं.

उरलेलं

घटक चाचणीत मी एक त्रिकोण मुद्दाम उलट्या क्रमानं दिला. बऱ्याच जणांनी उणे उत्तर लिहून पुढं "प्रदक्षिणेनं गेलो म्हणून" असं लिहिलं आणि मग क्षेत्रफळ वेगळं दिलं. काहींनी नेहमीसारखं चिन्ह गुपचूप गाळलं. त्यांना गुण द्यायचे की नाही यावर मी दोन दिवस घालवले आणि शेवटी दिले, कारण बोर्डाच्या पेपरात ते मिळतात. मला ते आवडलेलं नाही.

वेळेचा हिशेब मात्र बसला नाही. एका तासिकेच्या जागी सहा गेल्या, शंकुच्छेद घाईत उरकावा लागला, आणि लातूरला क्लासला गेलेल्या भावाच्या नोट्स दाखवून एका मुलानं आपण किती मागं आहोत ते सांगितलं. त्याचं खोटं नव्हतं.

उत्तरेचा धुरा आम्ही क पासून ड पर्यंत सरळ धरला होता. तो सरळ नाही. नाल्यापाशी तो आत वळतो, ते वळण पाचवा बिंदू म्हणून घ्यावं लागेल, आणि आत शिरलेल्या कोपऱ्यावरून त्रिकोण पाडताना चिन्ह पुसणाऱ्यांची पुन्हा पंचाईत होईल. यंदाची अकरावी ते करणार आहे. दिवस आबांनीच दिलाय, सोयाबीन निघाल्यावरचा पहिला शनिवार. नाल्यापाशी खुंटी ठोकायची तर धुऱ्याच्या पलीकडं उतरावं लागतं. त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "मी सांगून ठेवतो त्याला."